इंजिन उघडताना जाम झालेले बोल्ट न तोडता कसे सोडवावेत?

शिकाऊ हात यांचा प्रश्न

नमस्कार. चार सिलिंडरचे एक जुने पेट्रोल इंजिन मी गाडीतून उतरवून स्टँडवर चढवले आहे. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) काढून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या आणि जमल्यास व्हॉल्व्हही घासून घ्यायचे, असा बेत आहे. ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचे. गाडी तीन वर्षे जागची हलली नव्हती, त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बोल्टावर गंज चढलेला आहे. निम्मे काम ठीक झाले, पण आता चार ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीची. तिच्या स्टडवरच्या (स्टड म्हणजे हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा आटेदार दांडा) आठ नटांपैकी पाच सुटले, तीन हलत नाहीत, आणि त्यातल्या एकाचे कोपरे माझ्या हातून गोल होऊ लागले आहेत. दुसरी अडचण पाण्याच्या पंपाच्या एका लांब बोल्टाची. तो ८ मिलिमीटरचा आहे आणि पंपाच्या आरपार जाऊन ॲल्युमिनियममध्ये बसतो. पान्याला दोन फुटी पाइप लावून जोर दिला तेव्हा पाइपचे टोक चार बोटे पुढे सरकले. सुटला म्हणून हायसे वाटले, पण हात सैल करताच ते तसेच मागे आले. काहीतरी चुकत आहे असे वाटून मी तिथेच थांबलो. तिसरी अडचण क्रँक पुलीच्या बोल्टाची, कारण पाना फिरवला की बोल्टाऐवजी अख्खा क्रँकच, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडाच, फिरतो. चौथी अडचण अजून उद्भवलेली नाही, पण हेडचे दहा बोल्ट समोर दिसत आहेत आणि आतापर्यंतच्या अनुभवानंतर त्यांना हात लावायचा धीर होत नाही.

गंज सोडवणारे तेल तीन वेळा फवारले आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबलो. माझ्याकडे रिंग पाने, बारा कोनी सॉकेट, हातोडा, ड्रिल आणि नळकामाची एक छोटी गॅसबत्ती आहे. कंप्रेसर किंवा वेल्डिंग नाही. कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे कृपया सांगावे.

जुना फिटर यांचे उत्तर

आपण थांबलात, हे फार बरे केलेत. पंपाचा तो बोल्ट सुटत नव्हता, तर पिळवटत होता. बोल्टाचे आटे आणि खालचा भाग जागेवर घट्ट धरलेला असतो, डोके तेवढे फिरते आणि मधला दांडा स्प्रिंगसारखा पीळ घेतो. म्हणून जोर काढताच पाइप मागे येतो. त्या अवस्थेत आणखी थोडा जोर लावला असता तर मागे येणे बंद झाले असते, पाना अचानक लोण्यातून फिरल्यासारखा हलका झाला असता आणि पुढच्या क्षणी डोके आपल्या हातात आले असते. जाम बोल्ट सोडवणाऱ्याने सगळ्यात आधी हाताला ओळखायला शिकवायचे ते हेच. खरोखर सुटणारा बोल्ट ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो आणि जिथवर आला तिथेच राहतो. पिळवटणारा बोल्ट मात्र आवाज करत नाही, रबरासारखा लागतो आणि परत जातो. कर्र कर्र करत जड फिरणारा बोल्ट या दोहोंच्या मधला असतो. तो सुटतो आहे, पण घाई केल्यास तुटेल.

जोराचा हिशोब एकदा मांडून पाहा. ८ मिलिमीटरचा साधा ८.८ प्रतीचा बोल्ट बसवताना सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात. दोन फुटी पाइपच्या टोकाला आपण केवळ १० किलो भार दिलात, तरी बोल्टावर ६० न्यूटन-मीटर पडतात, म्हणजे दुपटीहून बरेच जास्त. आणि १० किलो भार देताना माणसाला आपण काही जोर लावत आहोत असे वाटतही नाही. मोठ्या बोल्टांसाठी पाइप हे वरदान आहे, पण १० मिलिमीटरच्या आतल्या बोल्टांवर मी पाइप लावू देत नाही. तिथे हातभर लांबीचा पानाच बरा, कारण बोल्ट काय सांगतो आहे ते त्यातून हाताला कळते.

आता तेलाबद्दल. दहा मिनिटे ही थांबण्याची वेळ नव्हे. आट्यांमधल्या फटी केसाहूनही बारीक असतात, शिवाय त्या गंजाने भरलेल्या असतात, त्यामुळे तेल त्यांत तासातासाने शिरते. संध्याकाळी फवारावे, हातोडीने टोकावे, झोपण्यापूर्वी पुन्हा फवारावे आणि सकाळी पान्याला हात घालावा. फारच अडलेल्या कामात मी हा क्रम दोन-तीन दिवस चालवतो. तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. निळ्या-पिवळ्या डब्यातले मूळ डब्ल्यूडी-४० पुष्कळ जण वापरतात, पण ते १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि त्याच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थही तोच आहे. गंजलेल्या आट्यांत शिरण्यासाठी मुद्दाम बनवलेले तेल निराळे मिळते आणि ते घेणे चांगले. काही जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. ते मिश्रण आत शिरते खरे, पण ते चटकन पेट घेते, रंग उतरवते आणि प्लास्टिक खाते, म्हणून ज्या कामात पुढे गॅसबत्ती लागणार आहे तिथे मी ते आणत नाही.

तेलाबरोबर ठोके हवेत. बोल्टाच्या डोक्यावर सरळ आसात, म्हणजे आत ठोकल्याप्रमाणे, हातोड्याने दहा-बारा नेमके ठोके द्यावेत. फार मोठे नकोत, पण लाजतबुजत दिलेलेही नकोत. मध्ये पितळी तुकडा धरल्यास डोके चेपत नाही. बोल्ट घट्ट करताना दिलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. प्रत्यक्ष आवळण्याच्या कामी जेमतेम दहा टक्के येतो. म्हणजे सोडवतानाही आपले खरे भांडण घर्षणाशी आणि गंजाशी असते, आणि ठोक्याने गंजाची पापडी तडकते, डोक्याखालची पकड क्षणभर मोडते, तेलाला वाट मिळते. त्यानंतर पहिला प्रयत्न सोडवण्याच्या दिशेने न करता आवळण्याच्या दिशेने करावा, तोही अगदी किंचित. नवख्यांना हे उलटे वाटते, पण पुष्कळदा तो पहिला ‘टक्’ आवळतानाच ऐकू येतो. बोल्ट एकदा हलला की सरळ बाहेर काढू नये. पाव फेरा सोडावा, अर्धा पाव परत आवळावा, तेलाचा थेंब द्यावा, पुन्हा पाव फेरा सोडावा. सुटत असलेला बोल्ट घाईने बाहेर काढताना आट्यांत अडकून तुटलेला मी जितक्या वेळा पाहिला आहे, तितक्या वेळा मुळातच न हललेला बोल्ट तुटलेला पाहिलेला नाही.

बारा कोनी सॉकेट मात्र ताबडतोब बाजूला ठेवा. ते नटाला कोपऱ्याशी धरते, आणि गंजाने नट आधीच थोडा झिजलेला असला की कोपरे गोल करून टाकते. सहा कोनी सॉकेट सपाट बाजूंवर दाब देते. ज्या नटाचे कोपरे आधीच गेले आहेत तो १३ मिलिमीटरच्या पान्याचा असेल, तर अर्ध्या इंची सहा कोनी सॉकेट त्यावर हातोड्याने ठोकून बसवा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे ते गंजलेल्या नटावर गच्च बसते. त्यापूर्वी तारेच्या ब्रशाने नट आणि स्टडचे बाहेर आलेले आटे साफ करा. नट ज्या आट्यांवरून बाहेर यायचा आहे तेच गंजाने भरलेले असतील, तर तो अर्ध्या वाटेत पुन्हा जाम होतो. आणि नट सुटण्याऐवजी नटासकट स्टडच फिरून बाहेर आला, तर वाईट वाटून घेऊ नका. स्टड नवा मिळतो.

हेडच्या बोल्टांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते बहुधा आपण समजता तितके अवघड जात नाहीत. ते जाड असतात, बहुतेक इंजिनांत इंजिन ऑइलच्या संगतीत असतात आणि क्वचितच गंजतात. इंजिन पूर्ण थंड असावे. बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, म्हणजे आवळण्याच्या क्रमाच्या नेमके उलट, प्रत्येक बोल्ट आधी पाव-पाव फेरा सैल करावा आणि मगच पूर्ण काढावा. एकाच बाजूचे बोल्ट आधी मोकळे केले तर ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याची भीती असते. पहिल्या हालचालीला ‘कडाड्’ असा मोठा आवाज येईल, तेव्हा दचकू नका. डोक्यात खोबण असलेले बोल्ट असतील तर प्रत्येक खोबणीतली माती आणि काजळी बारीक टोचणीने उकरून काढावी व पान्याचे टोक हातोडीने तळापर्यंत बसवावे. खोबणीच्या तळाशी नखभर कचरा राहिला तरी टोक वर उचललेले राहते, काठावरच धरते आणि खोबण खरवडून टाकते.

धातुवेडा यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात न आलेला उष्णतेचा भाग तेवढा मांडतो. आपल्याकडे असलेली छोटी गॅसबत्ती हे या कामातले सर्वांत उपयोगी हत्यार ठरू शकते, मात्र ती कुठे धरायची हे धातू पाहून ठरवावे लागते.

पंपाच्या बोल्टाचे उदाहरण घ्या. पोलाद ॲल्युमिनियममध्ये बसलेले आहे आणि शेजारी कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, ओलावा आहे. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजते. त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि बोल्टाभोवतीच्या पोकळीत सिमेंटसारखी भरून बसते. आपला बोल्ट आट्यांत अडकलेला नसून पंपाच्या आरपार जाणाऱ्या लांब भोकात सगळ्या अंगाने अडकलेला असण्याची शक्यता जास्त आहे, आणि म्हणूनच तो एवढा पिळवटला.

तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. एक अंश तापमान वाढले की पोलाद दहा लाखात सुमारे १२ भागांनी वाढते, तर ॲल्युमिनियम सुमारे २३ भागांनी. ८ मिलिमीटरचे भोक १५० अंशांनी तापवले तर ते बोल्टापेक्षा साधारण १३ मायक्रॉन अधिक उघडते. ऐकायला हे नगण्य वाटते, पण आट्यांमधली पकड मोडायला ते पुष्कळदा पुरेसे असते. म्हणून इथे ज्योत बोल्टाच्या डोक्यावर न धरता भोवतीच्या ॲल्युमिनियमवर सतत फिरवत राहावी. या कामाला घाई चालत नाही, कारण ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि सगळा भागच तापवावा लागतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, ओतीव मिश्रधातू त्याही आधी मऊ पडतात, आणि पोलादासारखे ते लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला जसेच्या तसे असते आणि अचानक ओघळते. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडून जाईल इतके तापले की थांबावे. शेजारी रबरी सील किंवा ऑइल सील असेल, तर ते बदलायचेच आहे असे धरून चालावे.

मॅनिफोल्डच्या नटांचे गणित निराळे आहे, कारण तिथे नट आणि स्टड दोन्ही पोलादाचे आहेत. दोन्ही सारखेच तापले तर पकड सैल होण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त नट, तोही भराभर तापवायचा, म्हणजे स्टड थंड असेपर्यंत नट फुगतो. छोट्या बत्तीने तो लाल होईलच असे नाही, पण जमेल तितका तापवावा, पाना लावून किंचित पुढे-मागे करावा, निवू द्यावा आणि पुन्हा तापवावा. अशा दोन-तीन फेऱ्यांत गंजाचा थर तडकतो. नट तापलेला असताना आट्यांच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवली तर मेण पातळ होऊन आत ओढले जाते, अशी जुन्या कारागिरांची युक्ती आहे आणि मी ती नेहमी करतो. गुण मेणाचा की उष्णतेचा, यावर वाद घालता येईल. माझा कौल उष्णतेला आहे, पण मेणबत्ती टेकवायला कष्ट पडत नाहीत.

एक सूचना गंभीरपणे देतो. ज्योत पेटवण्यापूर्वी तेल आणि इंधन पुसून काढा, फवारणीचे डबे दूर ठेवा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या भागावर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारला आहे तो भाग तापवू नका. त्या द्रावकापासून तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो आणि त्याची अगदी थोडी मात्राही फुप्फुसांना घातक असते.

एखादा बोल्ट गंज नसतानाही हट्टाने अडून बसला, तर आट्यांवर आटे-बंद गोंद आहे का ते पाहा. लॉकटाइटचा निळा प्रकार साध्या पान्याने सुटतो, पण लाल प्रकार सुमारे २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय नीट सोडत नाही आणि त्यावर कितीही तेल ओतले तरी उपयोग होत नाही.

हवेची बंदूक यांचे उत्तर

क्रँक पुलीच्या बोल्टासाठी इतका अभ्यास नको. कोणाकडून तरी तासाभरासाठी इम्पॅक्ट गन मागून आणा, हवेवरची किंवा बॅटरीवरची. ती एका दमात जोर न लावता सेकंदाला अनेक छोटे फटके देते, आणि क्रँक इतका जड असतो की त्या एका फटक्याच्या अवधीत तो हलतच नाही. त्यामुळे क्रँक धरून ठेवण्याचीही गरज बहुधा पडत नाही. पंधरा-वीस सेकंदांत काम होते. गन मिळालीच नाही, तर एका सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून दोरी भरून पिस्टन अडवण्याची युक्तीही आहे. पंपाच्या बोल्टालाही गन कमी जोरावर लावून बघायला हरकत नाही.

जुना फिटर यांचे उत्तर

गनचा सल्ला क्रँक पुलीसाठी योग्य आहे, पंपाच्या बोल्टासाठी मात्र माझा विरोध आहे. जो बोल्ट आधीच एकदा पिळवटला आहे त्याला फटके दिले, तर तो सुटतो आहे की तुटतो आहे हे हाताला कळण्याआधीच निकाल लागलेला असतो. दोरीची युक्ती मी स्वतः टाळतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर दोरी भरली नाही, तर दाब व्हॉल्व्हवर येतो आणि ते वाकू शकतात; आणि दोरीचा तुकडा आत राहिला तर तो शोधत बसण्यापेक्षा हेड काढणे सोपे.

आपले इंजिन स्टँडवर आहे आणि ऑइल चेंबर तसेही उतरवायचेच आहे, तर ते आताच उतरवा आणि क्रँकवरचा जड उभार (त्याचे समतोल वजन) व ब्लॉकची भिंत यांच्यामध्ये कठीण लाकडाचा ठोकळा घाला. सोडवताना क्रँक ज्या दिशेला वळू पाहील त्या बाजूने ठोकळा अडकला पाहिजे. लाकूडच वापरा, लोखंड नको, आणि निघालेली प्रत्येक ढलपी नंतर वेचून काढा. पाइप लावण्याची जागा हीच आहे, पण एक माणूस स्टँड धरायला ठेवा; हातभर पाइपवर झुकल्यावर बोल्टाऐवजी अख्खे इंजिन स्टँडसह कलंडू लागते. बोल्टाचे आटे उलटे नाहीत ना, हेही आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहून घ्या. बहुतेक इंजिनांत ते सरळच असतात, पण अपवाद आहेत, आणि उलट्या आट्यांचा बोल्ट अर्धा दिवस ‘सोडवत’ बसणारे मी पाहिले आहेत. क्रँक अडवण्यासाठी टायमिंग बेल्टचा आधार मात्र कधीही घेऊ नये.

शिकाऊ हात यांची माहिती

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस काम केले, त्याचा हिशोब देतो.

क्रँक पुलीचा बोल्ट लाकडी ठोकळा घालून सुटला; आवाज इतका मोठा झाला की काहीतरी फुटले असेच वाटले. हेडचे दहाही बोल्ट सांगितलेल्या क्रमाने निघाले. त्यांपैकी दोघांच्या खोबणीत तळाशी कडक काजळी होती. ती टोचणीने काढल्यावर पान्याचे टोक आणखी दोन मिलिमीटर आत गेले, तेव्हा त्या सूचनेचे मोल कळले.

पंपाच्या बोल्टाला दोन रात्री तेल दिले आणि भोवतीचे ॲल्युमिनियम तापवले. तिसऱ्या वेळी आवळण्याच्या दिशेने बारीक ‘टक्’ झाले. त्यानंतर तो पूर्ण बाहेर यायला पाऊण तास लागला. पाव फेरा पुढे, थोडा मागे, असे किती वेळा केले ते मोजले नाही. बाहेर आला तेव्हा आटे जवळजवळ स्वच्छ होते, पण वरच्या दांड्यावर तीन बोटे लांबीचा पांढरा खरखरीत थर होता आणि त्यावर पंपाच्या भोकाचा साचा उमटला होता. दांड्याचा पीळ नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

मॅनिफोल्डच्या तीन नटांपैकी एक सुटला, एक स्टडसकट बाहेर आला आणि तिसऱ्याचा स्टड तुटला. चूक माझीच आहे. नट अर्धा फेरा फिरल्यावर मला उत्साह आला आणि मी मागे घेतलाच नाही. आता हेडच्या पृष्ठभागाच्या वर स्टडचा दोन मिलिमीटर तुकडा उरला आहे. ईझी आउट (तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या दिशेने पिळत घालायची निमुळती सळई) वापरावा का?

जुना फिटर यांचे उत्तर

ईझी आउट शेवटच्या पायरीवर ठेवा, तेही नाइलाज झाला तर. तो फार कठीण पोलादाचा असतो आणि म्हणून ठिसूळ असतो. तो भोकात तुटला की साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही, आणि मग आपल्या छोट्या अडचणीची मोठी अडचण होते. शिवाय साधा विचार करा: ८ मिलिमीटरचा अख्खा स्टड ज्या पकडीपुढे तुटला, ती पकड त्याच्याच पोटात घातलेली ४ मिलिमीटरची सळई कशी सोडवणार?

दोन मिलिमीटर तुकडा वर आहे, हे तुमचे नशीब. ओळखीत वेल्डिंग करणारा असेल तर हेड घेऊन त्याच्याकडे जा. तो तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरेल. पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड सुरक्षित राहते, आणि वेल्डची उष्णता थेट स्टडच्या पोटात गेल्याने गंजाची पकड मोडते. लाली उतरली की पाना लावून हळूहळू पुढे-मागे करायचे. पहिल्या वेळी वेल्ड तुटले तर दुसरा नट लावायचा. तिसऱ्या-चौथ्या नटाला निघालेले स्टड मी पाहिले आहेत, कारण दर वेळी उष्णतेची एक फेरी जास्त होते.

वेल्डिंग नसेल तर ड्रिल. आधी तुकडा कानशीने सपाट करा आणि मध्य काढून सेंटर पंचाने खूण करा. या खुणेवर अर्धा तास गेला तरी चालेल. पोलादाभोवती ॲल्युमिनियम असल्यामुळे ड्रिल जरा सरकले की ते मऊ बाजूला पळते आणि हेडचे आटे खाते. काढलेले मॅनिफोल्ड पुन्हा जागेवर बसवून त्याच्या भोकात बरोबर बसणारी एक नळी घातली, तर ड्रिल आपोआप मध्यावर राहते. ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि मिळाल्यास डावे ड्रिल उलटे फिरवत वापरा, कारण पुष्कळदा भोक मोठे करता करता तुकडाच फिरून वर येतो. तो आलाच नाही तर ६.८ मिलिमीटरपर्यंत जा. ८ मिलिमीटरच्या १.२५ आट्यांसाठी टॅप मारण्यापूर्वीचे, म्हणजे आटे पाडण्यापूर्वीचे, भोक तेवढेच असते, म्हणून मध्य बरोबर असेल तर उरलेली पोलादाची सळसळीत वेटोळी टोचणीने उपसून काढता येते. मध्य चुकून आटे गेलेच, तर भोक वाढवून त्यात तारेची आटेदार गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येते, आणि नीट बसवलेली गुंडाळी ॲल्युमिनियममध्ये मूळ आट्यांइतकीच, कधीकधी त्याहून अधिक टिकते.

शिकाऊ हात यांची माहिती

वेल्डिंगनेच काम झाले. पहिला नट वेल्डसकट तुटला, दुसऱ्या नटाबरोबर स्टड आला. शेवटचा एक प्रश्न विचारतो: परत बसवताना सगळ्या आट्यांना जाम-विरोधी तांब्याची पेस्ट लावू का, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास होणार नाही?

धातुवेडा यांचे उत्तर

सगळ्या नको. एक्झॉस्टच्या स्टडना जरूर लावा. तिथल्या तापमानाला साधे ग्रीस जळून जाते, ही पेस्ट टिकते. पंपाच्या लांब बोल्टाच्या दांड्यालाही पातळ थर द्यायला हरकत नाही, आणि पिळवटलेला तो बोल्ट टाकून नवा घ्या. मात्र पुस्तिकेत दिलेला टॉर्क बहुतेक वेळा कोरड्या आट्यांसाठी असतो. पेस्टने घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेत वंगण लावून असा उल्लेख नसेल तिथे आकडा कमी धरावा लागतो.

हेडच्या बोल्टांना पेस्ट अजिबात लावू नका. टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवायचे असतील तर ते बहुधा ताणून बसणारे बोल्ट आहेत, एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत. नव्या बोल्टांच्या आट्यांना आणि डोक्याखाली पुस्तिकेत सांगितले तेवढेच इंजिन ऑइल लावा. ब्लॉकमधली त्यांची भोके बंद तळाची असतील, तर त्यांत साचलेले तेल आणि कूलंट कापडाने व हवेने पूर्ण काढून टाका. द्रव दबत नाही. बोल्ट आवळला जात असताना त्याला वर यायला वाट मिळाली नाही, तर बिडाचा ब्लॉकही आतून तडकतो.

शिकाऊ हात यांची माहिती

भोके आत्ताच तपासली. दहांपैकी तिनांत बोटभर कूलंट साचलेले होते.